जो दर लागूच झाला नाही

दक्षिण आफ्रिकेत 2025 च्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत मूल्यवर्धित कराच्या, म्हणजेच व्हॅटच्या, दरावरून जो गोंधळ माजला, त्याबद्दल इथल्या वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. त्यातला बहुतेक मजकूर राजकारणाचा होता: आघाडी सरकार टिकेल का, कोणता पक्ष कोणाला नमवील, अर्थमंत्र्यांचे काय होईल. मी जोहान्सबर्गमध्ये लहान दुकानदारांचे आणि छोट्या कंत्राटदारांचे हिशेब पाहतो, आणि माझ्या टेबलावरून हा गोंधळ निराळाच दिसत होता. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला आघाडीशी फारसे देणेघेणे नव्हते. त्याचा प्रश्न एवढाच होता की 1 मेच्या सकाळी गल्ल्यावरच्या यंत्रात कोणता आकडा असायला हवा. एप्रिलचा शेवटचा आठवडा उजाडला तरी या साध्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कोणापाशी नव्हते, आणि माझे मत असे आहे की त्याचे मूळ अर्ध्या टक्क्यात नव्हते. ते कर कायद्याच्या एका कलमात होते, ज्याची आठवण तोपर्यंत कोणाला ठेवावी लागली नव्हती.

महाराष्ट्रातल्या वाचकांना व्हॅट म्हटले की 1 एप्रिल 2005 पासून जीएसटी येईपर्यंत असलेला राज्याचा कर आठवेल, ज्यात वस्तूगणिक वेगवेगळे दर होते. इथला व्हॅट राष्ट्रीय आहे आणि त्याचा प्रमाणित दर एकच आहे. 1991 च्या 89 क्रमांकाच्या कायद्याने जुना सामान्य विक्रीकर जाऊन 30 सप्टेंबर 1991 पासून हा कर 10 टक्क्यांनी सुरू झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या 4 आणि 5 तारखेला कोसाटू या कामगार महासंघाच्या पुढाकाराने त्याविरुद्ध देशव्यापी संप झाला. 7 एप्रिल 1993 रोजी दर 14 टक्के झाला, त्यानंतर पंचवीस वर्षे तो जागचा हलला नाही, आणि 1 एप्रिल 2018 पासून 15 टक्के झाला. म्हणजे तीन दशकांहून अधिक काळात वाढ दोनदाच. सरकारच्या कर-उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा या एका करातून येत असूनही कोणत्याही अर्थमंत्र्याला त्याला हात लावणे जड जाते, याचे कारण 1991 च्या त्या संपापासून व्हॅट म्हणजे गरिबाच्या ताटातला घास ही भावना इथे घट्ट रुजली आहे. दर बदलण्याचा सराव ना सरकारला होता, ना दुकानदाराला.

अशा पार्श्वभूमीवर 19 फेब्रुवारी 2025 चा बुधवार आला. अर्थमंत्री एनॉक गोडोंग्वाना त्या दिवशी दुपारी अर्थसंकल्प मांडणार होते आणि ऐनवेळी भाषणच पुढे ढकलण्यात आले. 1994 मध्ये लोकशाही आल्यापासून असे कधी घडले नव्हते. कारण थोड्याच वेळात बाहेर आले: अर्थखात्याला व्हॅट एकदम 15 वरून 17 टक्क्यांवर न्यायचा होता आणि मंत्रिमंडळातल्या इतर पक्षांना ते मान्य नव्हते. मे 2024 च्या निवडणुकीत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे बहुमत गेले होते. 400 जागांच्या सभागृहात तिच्याकडे 159 जागा उरल्या होत्या आणि 87 जागांच्या डेमोक्रॅटिक अलायन्ससह काही पक्षांना घेऊन तिने राष्ट्रीय ऐक्याचे सरकार बनवले होते. त्या सरकारचा हा पहिलाच अर्थसंकल्प होता. जो कधी मांडलाच गेला नाही तो 17 चा आकडा त्याच संध्याकाळी सगळीकडे पोहोचला, आणि पुढचे कित्येक आठवडे मला अशी माणसे भेटत राहिली ज्यांची समजूत होती की 17 टक्के मंजूर झाले आहेत आणि फक्त तारीख ठरायची आहे.

12 मार्चला अर्थसंकल्प दुसऱ्यांदा आला. त्यात दोन टक्क्यांऐवजी एकच टक्का होता आणि तोही दोन हप्त्यांत: 1 मे 2025 पासून 15.5 टक्के आणि 1 एप्रिल 2026 पासून 16 टक्के. राजकीयदृष्ट्या ही तडजोड असेल, पण हिशेबाच्या दृष्टीने मला ती 17 टक्क्यांपेक्षाही वाईट वाटली. दर बदलण्याचा खर्च दर किती बदलला यावर फारसा अवलंबून नसतो, तो किती वेळा बदलला यावर असतो. यंत्र एकदा उघडून 17 घालायला जेवढे श्रम लागतात तेवढेच 15.5 घालायला लागतात, आणि इथे वर्षाच्या आत तेच काम दुसऱ्यांदा करायचे होते.

त्यातून 15.5 हा अपूर्णांक. 10, 14, 15 असा पूर्णांकांचाच प्रवास केलेल्या या कराला पहिल्यांदाच दशांश चिन्ह लागणार होते. करासहित किमतीतून कर वेगळा काढण्याचे एक प्रमाण असते. 15 टक्क्यांना ते 15 भागिले 115, म्हणजे सोपे रूप दिले तर 3/23 होते. जुने हिशेबनीस हे 3/23 पाठ करून बसलेले असतात आणि कित्येक तक्त्यांच्या सूत्रांमध्येही ते थेट लिहिलेले असते. 15.5 टक्क्यांना तेच प्रमाण 31/231 होते. एका जुन्या बीजक-प्रणालीत दराच्या चौकोनात दशांश टाकताच तो आकडा निमूटपणे 15 किंवा 16 होऊन बसायचा. ती प्रणाली लिहिणाऱ्याने कराचा दर कधी अर्धा असू शकेल असा विचारच केलेला नव्हता. किमतींचेही तसेच. 99.99 रँडची (रँड हे इथले चलन, त्याचे शंभर सेंट) पाटी असलेल्या वस्तूची करपूर्व किंमत 86.95 रँड भरते. नव्या दराने तीच वस्तू 100.42 रँडची होते. शंभराच्या आत राहण्यासाठी केलेली सगळी कसरत अर्ध्या टक्क्याने मोडते. मग दुकानदाराने एक तर पाटी बदलायची, नाहीतर ते 43 सेंट स्वतःच्या नफ्यातून सोसायचे. रोखीत तर 5 सेंटचे नाणे पाडणे 2012 पासून बंद असल्यामुळे एकूण बिल दहा सेंटांपर्यंत खाली आणले जाते, त्यामुळे काही व्यवहारांत ही वाढ दिसणारही नव्हती आणि काहींत तिच्या दुप्पट वाटणार होती.

लोकांच्या मनातला गोंधळ याहून साधा होता. दर अर्ध्या टक्क्याने वाढणार म्हणजे शंभर रँडची वस्तू साडेपंधरा रँडांनी महागणार, असे समजणारे लोक होते, आणि ते अडाणी होते असेही नाही. इथे जाहिरातीतली आणि पाटीवरची किंमत करासहित दाखवण्याचे कायद्याने बंधन आहे. त्यामुळे सामान्य ग्राहकाला व्हॅट हा वेगळा पैसा म्हणून दिसतच नाही, पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत तो असतो. जो कर एरवी दिसत नाही, तो अचानक रोज बातम्यांत येऊ लागला की नवाच कर बसल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात 115 ची वस्तू 115.50 होणार होती, म्हणजे ग्राहकाच्या खिशातून जाणारी रक्कम 0.43 टक्क्यांनी वाढणार होती. दर 15 वरून 17 झाला असता, तर ही वाढ 1.74 टक्के झाली असती. हे आकडे सांगितले की माणूस थोडा शांत होई, पण पुढचा प्रश्न लगेच येई: मग सरकार एवढ्याशा रकमेसाठी एवढा गहजब का करते आहे? त्याचे उत्तर असे की प्रत्येकाचे पन्नास सेंट गोळा केले तर राष्ट्राच्या हिशेबात त्याचे अब्जावधी रँड होतात. एप्रिलमध्ये वाढ मागे घेताना अर्थखात्याने स्वतःच सांगितले की त्यामुळे मध्यम मुदतीत सुमारे 75 अब्ज रँडची तूट येईल.

शून्य दराच्या यादीने या गोंधळात आणखी एक थर चढवला. इथे मक्याचे पीठ, तपकिरी पाव, तांदूळ, सुकी कडधान्ये, मसूर, अंडी, दूध, भाज्या, फळे, खाद्यतेल अशा 19 मूलभूत खाद्यपदार्थांवर शून्य टक्के व्हॅट आहे. 1 एप्रिल 2019 पासून त्यात पांढऱ्या पावाचे पीठ, केकचे पीठ आणि सॅनिटरी पॅड यांची भर पडली. पांढरा पाव मात्र यादीत नाही आणि कोंबडीही नाही, हे कोणाला पटवून सांगणे अवघड जाते. मार्चच्या अर्थसंकल्पात दरवाढीचा चटका कमी व्हावा म्हणून या यादीत डबाबंद भाज्या, काही दुग्धमिश्रणे आणि मेंढी, शेळी, कोंबडी इत्यादींचे खाण्याजोगे अंतर्गत अवयव यांचा समावेश सुचवला होता. म्हणजे दुकानदाराला 1 मेला दोन परस्परविरुद्ध बदल करायचे होते: बहुतेक मालावर दर वाढवायचा आणि काही मालावर तो 15 वरून थेट शून्यावर आणायचा. डबाबंद भाज्या म्हणजे नेमके काय, त्यात टोमॅटोच्या रसातले चवळीचे डबे येतात का, मिश्र डब्याचे काय, यावर माझा फोन आठवडाभर तापलेला होता.

त्यात शून्य दर आणि करमाफी यांतला फरक कळत नसल्याचा त्रास वेगळा. शून्य दराचा माल विकणारा आपल्या खरेदीवरचा व्हॅट सरकारकडून परत मागू शकतो. करमाफ सेवा देणाऱ्याला तो अधिकार नाही. राहत्या घराचे भाडे, रस्त्याने किंवा रेल्वेने होणारी प्रवासी वाहतूक, शाळेची फी या गोष्टी करमाफ आहेत. मिनीबस टॅक्सीच्या भाड्यावर व्हॅट नाही म्हणून दरवाढीशी टॅक्सीवाल्याचा संबंध नाही, असे अनेकांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात टायर, सुटे भाग आणि दुरुस्ती यांवरचा वाढीव कर त्याच्याच अंगावर राहणार होता आणि तो उतरवायला भाड्याशिवाय दुसरी जागा नव्हती.

आता त्या कलमाकडे येतो, कारण मुख्य मुद्दा तिथे आहे. व्हॅट कायद्याच्या 7(4) या कलमानुसार अर्थमंत्री अर्थसंकल्पात दरबदलाची घोषणा करू शकतात आणि ते ठरवतील त्या तारखेपासून तो बदल लागू होतो. संसदेने त्यानंतर बारा महिन्यांच्या आत तसा कायदा संमत करायचा असतो. म्हणजे संसदेचे शिक्कामोर्तब आधी नव्हे, नंतर. 12 मार्चच्या घोषणेला वर्तमानपत्रे प्रस्ताव म्हणत होती, खासदार प्रस्ताव म्हणत होते, आणि संसदीय अर्थाने तो प्रस्तावच होता. परंतु कर गोळा करणाऱ्या व्यापाऱ्यासाठी ती तारीखवार आज्ञा होती. 1 मेपासून 15.5 न आकारणारा दुकानदार अर्धा टक्का स्वतःच्या खिशातून भरायला बांधील झाला असता, मग संसदेने तोवर काही ठरवले असो वा नसो. एकाच वाक्याला एका जागी चर्चेचा विषय आणि दुसऱ्या जागी हुकूम असे दोन दर्जे होते, आणि दोन्ही बाजूंची माणसे आपापल्या जागी बरोबर होती. गोंधळ यालाच म्हणायचे.

या कलमामागे विचार नाही असे मी म्हणणार नाही. कराचा दर वाढणार हे खूप आधी कळले तर लोक महागडी खरेदी आधीच उरकून घेतात आणि सरकारचा महसूल अडखळतो. शिवाय कर विधेयके संसदेतून जायला महिनोन्महिने लागतात आणि आर्थिक वर्ष तर 1 एप्रिलला सुरू झालेले असते. घोषणा करून टाकायची आणि कागदपत्रे मागून येऊ द्यायची, ही सोय म्हणून ठीक होती. पण या सोयीत एक न बोललेले गृहीतक होते, ते असे की अर्थमंत्र्याच्या पाठीशी बहुमत आहे. 2018 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री मालुसी गिगाबा यांनी 21 फेब्रुवारीला 15 टक्क्यांची घोषणा केली, 1 एप्रिलला ती लागू झाली, आणि आरडाओरडा पुष्कळ झाला तरी ती लागू होणार की नाही अशी शंका कोणाच्या मनात आली नाही. सत्ताधारी पक्षाच्या बहुमतामुळे मंत्र्याचा शब्द म्हणजेच संसदेचा निर्णय होता. 2025 मध्ये कलम तेच राहिले आणि त्याच्या खालची जमीन निघून गेली. ज्याच्या पक्षाकडे निम्म्याहून कमी जागा आहेत आणि ज्याचा मोठा भागीदार उघडपणे विरोधात आहे, अशा मंत्र्याने केलेली घोषणा त्याच कलमाच्या जोरावर आपोआप लागू होणार होती. मला यात कोणाचा दुष्टावा दिसत नाही. एका प्रकारच्या राजकारणासाठी लिहिलेला नियम दुसऱ्या प्रकारच्या राजकारणात वापरला गेला, एवढेच झाले, आणि तेवढ्याने गोंधळ पुरेसा झाला.

2 एप्रिलच्या मतदानाने परिस्थिती स्पष्ट होण्याऐवजी आणखी गढूळ झाली. त्या दिवशी नॅशनल असेंब्लीने, म्हणजे संसदेच्या 400 जागांच्या सभागृहाने, 194 विरुद्ध 182 मतांनी राजकोषीय आराखडा स्वीकारला. सरकारात असूनही डेमोक्रॅटिक अलायन्सने विरोधात मत दिले, तर सरकारबाहेरच्या ॲक्शनएसए या पक्षाच्या मतांनी आराखडा तरला. त्या पक्षाचा आग्रह होता की तीस दिवसांत महसुलाचे दुसरे मार्ग शोधावेत म्हणजे दरवाढ टळेल, आणि तशी शिफारस आराखड्याला जोडली गेली. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे तीन प्रकारचे अर्थ पोहोचले होते. काहींच्या मते संसदेने व्हॅट वाढ मंजूर केली. काहींच्या मते ती रद्द झाली. तिसरे म्हणत की तीस दिवस थांबायचे आहे. आराखडा म्हणजे एकूण जमा, खर्च आणि कर्ज यांची चौकट. त्याला मत देणे म्हणजे कराच्या दराच्या विधेयकाला मत देणे नव्हे, आणि शिफारस मंत्र्याला बांधील करत नाही. पण तीस दिवसांची मुदत 2 एप्रिलपासून मोजली तर ती 1 मेच्या पलीकडे जात होती, आणि कलम 7(4) शिफारशींसाठी थांबत नाही. मी गिऱ्हाइकांना सांगत राहिलो की तयारी सुरू ठेवा. तो सल्ला पाळणाऱ्यांना पुढे त्याची किंमत द्यावी लागली, तरी त्या वेळी दुसरा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे झाले असते.

तयारी म्हणजे काय याची कल्पना नसलेल्यांसाठी थोडे सांगतो. दर बदलतो त्या तारखेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला प्रत्येक व्यवहार वेगळा तपासावा लागतो. व्हॅट साधारणपणे बीजक दिले किंवा पैसे मिळाले यांपैकी जे आधी घडेल त्या दिवशी लागू होतो. पण दरबदलाच्या वेळी विशेष नियम लागतात, म्हणजे माल एप्रिलमध्ये पोहोचला आणि बीजक मेमध्ये निघाले तर जुना दर, आणि जुन्या दराचा फायदा घेण्यासाठी आधीच बीजक काढून माल बराच नंतर दिला तर नवा दर. चालू कंत्राटांत करार काही वेगळे सांगत नसेल, तर पुरवठादाराला वाढीव कर ग्राहकाकडून घेण्याचा अधिकार आहे, पण किंमत सांगताना कराचा उल्लेखच केला नसेल तर ती करासहितच समजली जाते. अंदाजपत्रकात नुसता आकडा लिहून दिलेल्या एका प्लंबरला मी हे समजावून सांगितले तेव्हा त्याने पुढच्या सगळ्या अंदाजपत्रकांवर दोन दर छापून घेतले. लहान व्यापारी दर दोन महिन्यांचे विवरणपत्र भरतात आणि त्यांचे दोन गट असतात. ज्यांचा कालावधी एप्रिल अखेर संपतो त्यांना बदल सोपा होता, पण ज्यांचा एप्रिल आणि मे एकत्र येतो त्यांच्या एकाच विवरणपत्रात दोन दर येणार होते. 2018 मध्ये बदल 1 एप्रिलला झाल्यामुळे हीच अडचण नेमकी उलट गटाला आली होती, त्यामुळे तेव्हाचा अनुभवही अर्ध्याच लोकांच्या कामाचा होता.

दरम्यान डेमोक्रॅटिक अलायन्स आणि इकॉनॉमिक फ्रीडम फायटर्स हे दोन पक्ष केप टाऊनच्या उच्च न्यायालयात गेले. अर्थकारणाच्या बाबतीत यांच्याइतके विरुद्ध टोकाचे पक्ष या संसदेत क्वचितच असतील. राजकोषीय आराखडा स्वीकारण्याची प्रक्रिया सदोष होती असे त्यांचे म्हणणे होते, आणि डेमोक्रॅटिक अलायन्सने कलम 7(4) च्या घटनात्मक वैधतेलाच आव्हान दिले. 22 एप्रिलला सुनावणी झाली. 24 एप्रिलला, मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला असताना, अर्थखात्याचे निवेदन आले की व्हॅट 15 टक्केच राहील.

इथे सगळे संपले असे वाटेल, पण सर्वांत विचित्र दिवस यापुढचे आहेत. दरवाढ मागे घेण्यासाठी अर्थमंत्र्यांनी विधेयक मांडले. मात्र ते 1 मेच्या आत दोन्ही सभागृहांतून जाणे शक्य नव्हते. घोषणा तर कायद्याने आपोआप लागू होणार होती. म्हणजे ज्याने वाढ जाहीर केली तोच आता ती नको म्हणत होता आणि तरीही ती लागू होण्याची शक्यता कागदावर जिवंत होती. हा पेच शेवटी 27 एप्रिलला न्यायालयाने सोडवला: पक्षकारांच्या संमतीने आदेश निघाला, त्यात 12 मार्चची घोषणा स्थगित झाली आणि आराखडा स्वीकारणारे दोन्ही सभागृहांचे ठराव बाजूला ठेवले गेले. तो रविवार होता आणि स्वातंत्र्यदिनही. स्वातंत्र्यदिन रविवारी आल्याने सोमवारी सुटी होती, आणि 1 मेचा गुरुवार कामगार दिनाच्या सुटीचा. यंत्रे पुन्हा 15 वर आणायला कामाचे दिवस उरले दोन, मंगळवार आणि बुधवार. मोठ्या साखळी दुकानांकडे स्वतःचे तंत्रज्ञ असतात. लहान दुकानदार यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाची वाट पाहतो, आणि तो माणूस त्या दोन दिवसांत सगळ्यांनाच हवा होता.

हे ओळखून महसूल सेवेने, म्हणजे सार्सने, ज्यांना 1 मेपर्यंत बदल उलटवता येणार नाही त्यांना 15 मेपर्यंत सवलत दिली. हा निर्णय समंजसपणाचा होता आणि त्याबद्दल सार्सचे कौतुक करायला माझी हरकत नाही. मात्र त्यातून असा पंधरवडा निर्माण झाला ज्यात देशाचा व्हॅट दर 15 टक्के होता आणि काही पावत्यांवर 15.5 छापले जात होते. ग्राहक ती पावती घेऊन भांडायला आला तर दुकानदाराने काय सांगावे? व्हॅट म्हणून घेतलेली रक्कम व्यापाऱ्याला स्वतःकडे ठेवता येत नाही, हे कायद्याचे जुने तत्त्व. ती ग्राहकाला परत करून क्रेडिट नोट द्यायची, नाहीतर सरकारजमा करायची. काही सेंटांसाठी क्रेडिट नोट मागणारा ग्राहक विरळा, म्हणून त्या रकमा सरकारकडेच गेल्या असणार. डबाबंद भाज्यांचे तर कोणाच्या लक्षातच आले नव्हते. दरवाढ मागे घेताना अर्थखात्याने तिच्याबरोबर आलेला दिलासाही मागे घेतला होता, त्यामुळे शून्य दराच्या यादीत घातलेले डबे आणि अंतर्गत अवयव पुन्हा 15 टक्क्यांवर आणायचे होते. व्हॅट वाढला नाही या आनंदात ज्यांनी फक्त मुख्य दर पूर्ववत केला, ते करपात्र माल करविना विकत राहिले. हा फरक ग्राहकाकडून नंतर वसूल करता येत नाही. तो दुकानदारालाच भरावा लागतो. माझ्याकडच्या हिशेबांत मे महिन्यात सर्वाधिक वेळ गेला तो या एका बाबीवर.

राजकीय पक्षांनी या सगळ्याचे श्रेय वाटून घेतले, आणि गरिबांवरचा बोजा टळला हे खरेच आहे. दोनदा यंत्रे बदलण्याचा, पाट्या छापण्याचा, हिशेबनिसाच्या जादा तासांचा खर्च मात्र कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही आणि तो भरून देण्याची तरतूदही नाही. माझ्या मते उपाय फार मोठा नाही. मंत्र्याची घोषणा लागू होण्यासाठी निदान नॅशनल असेंब्लीच्या साध्या ठरावाची अट घालावी, आणि व्यापाऱ्यांना दिलेली मुदत त्या ठरावापासून मोजावी. साठेबाजीची भीती अर्ध्या-एक टक्क्याच्या बदलात फार खरी नसते. अर्धा टक्का वाचवण्यासाठी कोणी सहा महिन्यांचा साबण घरात भरत नाही. दर एकदम दोन-तीन टक्क्यांनी बदलणार असेल, तर त्यासाठी वेगळा नियम करता येईल.

21 मेला तिसऱ्यांदा अर्थसंकल्प मांडला गेला. त्यात व्हॅट नव्हता. त्याऐवजी इंधनावरचा सामान्य आकार पेट्रोलला लिटरमागे 16 सेंट आणि डिझेलला 15 सेंट वाढवला, 4 जूनपासून. इकॉनॉमिक फ्रीडम फायटर्सने त्याविरुद्धही न्यायालयात धाव घेतली, पण अर्ज फेटाळला गेला. पेट्रोल आणि डिझेल व्हॅटसाठी शून्य दरात येतात आणि त्यांच्यावर हा वेगळा आकार असतो, त्यामुळे दुकानाच्या पावतीत त्याचा पत्ता लागत नाही. तो मालाच्या वाहतुकीत मिसळून येतो. इथे इंधनाचे दर एरवीही महिन्याच्या पहिल्या बुधवारी बदलतात, आणि 4 जून हा पहिला बुधवारच होता. माझ्या एकाही गिऱ्हाइकाने त्याबद्दल फोन केला नाही.